घरच्या आणि वाचनालयाच्या संगणकावर गिट कसे बसवावे? (विंडोज ७, विंडोज १० आणि उबुंटू)

कास्तकार_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्या शेतकरी गटाच्या कापूस खरेदीचा हिशेब ठेवण्यासाठी माझ्या भाच्याने पायथनमध्ये एक छोटी प्रणाली लिहून दिली आहे. वजन, ओलावा आणि भाव भरला की ती पावती काढते. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात वजावट धरते आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाही. गेल्या महिन्यात भाच्याने वजावटीचे सूत्र दुरुस्त केले. मात्र पेन ड्राइव्हवरून फाइली इकडून तिकडे नेताना जुनी फाइल नव्या फाइलवर बसली आणि चौदा कास्तकारांच्या पावत्या जुन्याच सूत्राने निघाल्या. त्या पावत्या घरोघरी जाऊन परत मागाव्या लागल्या.

भाचा म्हणतो की असे पुन्हा होऊ नये म्हणून आता ‘गिट’ (फाइलींतील प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे साधन) वापरू. संगणक तीन आहेत. माझा लॅपटॉप विंडोज १० चा आहे. गावच्या वाचनालयातील संगणकावर विंडोज ७ असून त्याचा मुख्य पासवर्ड कोणालाही ठाऊक नाही. भाचा नागपूरला वसतिगृहात राहतो आणि त्याच्याकडे उबुंटू २२.०४ (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली) आहे. गावात नेट मोबाइलवरूनच मिळते आणि दुपारी लाईन गेली की टॉवरही गप्प होतो. अशा परिस्थितीत तिन्ही ठिकाणी गिट बसवण्याचा योग्य मार्ग कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

पैनगंगाकाठ

आधी एक सांगा, वाचनालयाचा संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा? ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ते दिसेल. फाइल कोणती उतरवायची ते त्यावर ठरते.

कास्तकार_दारव्हा

६४ बिट आहे. रॅम २ जीबी.

संत्रापट्टा

भाऊ, तीन संगणकांचे तीन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून मी फक्त तुमच्या विंडोज १० बद्दल लिहितो. या धाग्यावर कमांड देवनागरीत लिहिल्या जात आहेत. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहाव्यात.

विंडोजसाठी दोन सरळ मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे गिटच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘गिट फॉर विंडोज’ ही इन्स्टॉलर फाइल उतरवणे. ती साधारण साठ-सत्तर एमबीची असते, त्यामुळे रात्री अकरानंतर नेट मोकळे असताना उतरवली तर फारसा त्रास होत नाही. दुसरा मार्ग विंडोजमध्येच असलेल्या ‘विनगेट’ या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाचा आहे. काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ‘विनगेट इन्स्टॉल --आयडी गिट.गिट -ई --सोर्स विनगेट’ असे लिहिले की काम होते. मात्र विनगेटला प्रत्येक संगणकावर नेट लागते, तर उतरवलेली फाइल पेन ड्राइव्हवर घालून हव्या तितक्या यंत्रांवर नेता येते. आपल्याकडच्या नेटवर मी तरी फाइलच सुचवीन.

फाइल कधीही शोधयंत्रात दिसलेल्या पहिल्या दुव्यावरून घेऊ नये. तालुक्याच्या एका दुकानदाराने मला कुठल्याशा ‘फ्री डाउनलोड’ स्थळावरून गिट बसवून दिले होते. त्यासोबत ब्राउझरमध्ये दोन जाहिराती कायमच्या वस्तीला आल्या.

इन्स्टॉलर दहा-बारा प्रश्न विचारतो. बहुतेकांना ‘नेक्स्ट’ म्हटले तरी चालते, पण तीन ठिकाणी थांबावे.

पहिला प्रश्न संपादकाचा, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामचा असतो. तिथे ‘विम’ आधीच निवडलेले असते. विम चांगला आहे, पण ज्याला तो माहीत नाही त्याला त्यातून बाहेर पडता येत नाही, आणि पहिल्याच नोंदीच्या (बदल गिटमध्ये जतन करण्याच्या) वेळी नवखा माणूस खिडकी बंद करून गिट बिघडले असे ठरवतो. यादीतून नोटपॅड किंवा नॅनो निवडावे.

दुसरा प्रश्न ‘पाथ’चा. मधला पर्याय ठेवावा, म्हणजे गिट त्याच्या स्वतःच्या ‘गिट बॅश’ खिडकीतून चालते, तसेच विंडोजच्या साध्या काळ्या खिडकीतूनही चालते. तिसरा पर्याय घेऊ नये. त्याने विंडोजच्या ‘फाइंड’ आणि ‘सॉर्ट’ या कमांडच्या जागी युनिक्सच्या (उबुंटू ज्या कुळातले त्या प्रणालीच्या) त्याच नावाच्या कमांड येतात आणि जुन्या बॅच फाइली घोटाळा करू लागतात.

तिसरा प्रश्न ओळींच्या शेवटाचा आहे आणि तुमच्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवते, तर उबुंटू एकच. तुम्ही विंडोजवर आणि भाचा उबुंटूवर काम करणार. याची तजवीज न केल्यास एक शब्द बदलूनही गिटला आख्खी फाइल बदललेली दिसेल. आधीच निवडलेला पहिला पर्याय तसाच ठेवावा. त्यानुसार तुमच्याकडे फाइल विंडोजच्या पद्धतीने दिसते आणि साठ्यात (गिट जिथे इतिहास ठेवते तिथे) युनिक्सच्या पद्धतीने जाते. त्याहून पक्का उपाय असा की प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करून तीत ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही एक ओळ लिहावी. मग कोणी इन्स्टॉलरमध्ये काय निवडले यावर काही अवलंबून राहत नाही.

बाकीचे प्रश्न डोळे मिटून पुढे ढकला.

जुना_लिपिक

मला या खटाटोपाचे प्रयोजन समजले नाही. गिटहब डेस्कटॉप नावाचे चित्रमय साधन आहे, त्यात गिट आतच येते आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. दुसरे असे की फाइली ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवल्या तर तिथेही जुन्या प्रती मिळतात. पन्नाशीच्या माणसाने काळ्या खिडकीत कमांड कशासाठी घोकायच्या?

संत्रापट्टा

काका, गिटहब डेस्कटॉप स्वतःचे गिट सोबत आणते हे बरोबर आहे, आणि ज्याला चित्रावर क्लिक करणे सोपे वाटते त्याने ते जरूर वापरावे. परंतु ते विंडोज ७ वर आणि बेताच्या रॅमवर चालवणे कठीण आहे, शिवाय उबुंटूसाठी त्याची अधिकृत आवृत्ती नाही. म्हणजे तीन संगणकांपैकी एकाच ठिकाणी ते कामी येईल.

ऑनलाइन ड्राइव्हचा मुद्दा वेगळा आहे. तिथे फाइलची जुनी प्रत मिळते, पण कोणती ओळ कोणी आणि कशासाठी बदलली हे मिळत नाही, आणि नेट नसेल तर तेवढेही नाही. गिटमध्ये संपूर्ण इतिहास प्रत्येक संगणकावरच असतो. नोंद करायला, जुनी आवृत्ती पाहायला किंवा दोन आवृत्त्या ताडून बघायला नेट लागत नाही. गिट आणि गिटहब एकच असल्याचा समज बराच पसरलेला आहे. गिट हे तुमच्या संगणकावरचे साधन. गिटहब ही ते साठे इंटरनेटवर ठेवणारी एक सेवा. तिथे खाते न उघडताही गिट जन्मभर वापरता येते.

अभ्यासिका_मेहकर

याला जोडून थोडा इतिहास सांगते, कारण नेट नसताना गिट का चालते याचे उत्तर त्यातच आहे. लिनक्सच्या गाभ्यावर जगभरातील माणसे एकाच वेळी काम करत आणि त्यासाठी ‘बिटकीपर’ नावाची खासगी प्रणाली वापरत. तिचा मोफत परवाना २००५ मध्ये काढून घेण्यात आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात काही दिवसांतच गिटचा पहिला सांगाडा उभा केला आणि त्याच वर्षीच्या जुलैत देखभालीचे काम जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवले. त्याआधीच्या सबव्हर्जनसारख्या प्रणालींत इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर राहत असे आणि तिथपर्यंत पोहोचता आले नाही तर नोंदही करता येत नसे. गिटने प्रत्येकाच्या हाती पूर्ण प्रत दिली. लाईनच्या भरवशावर राहणे ज्यांना परवडत नाही, अशा आपल्यासारख्यांना ही रचना सोयीची आहे.

कोरडवाहू

वाचनालयाच्या विंडोज ७ बद्दल मी लिहितो, कारण आमच्या ग्रामपंचायतीत नेमके हेच घडले होते.

गिट फॉर विंडोजची २.४७ आणि त्यापुढची आवृत्ती विंडोज ८.१ च्या खाली चालत नाही. तुम्ही नवीन फाइल नेली तर ती तिथे चालणार नाही. प्रकाशनांच्या जुन्या यादीत जाऊन २.४६.२ ही आवृत्ती घ्यावी. त्यातही इन्स्टॉलर न घेता ‘पोर्टेबल’ प्रकार घ्यावा. ती स्वतःच उलगडणारी फाइल असते. कोणत्याही फोल्डरमध्ये उलगडावी आणि आतील ‘गिट-बॅश’ चालवावी. तिला मुख्य पासवर्ड लागत नाही, ती विंडोजच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) काही लिहीत नाही, आणि नको झाली की फोल्डर पुसून टाकावा. पेन ड्राइव्हवरूनही ती चालते, पण स्वस्त पेन ड्राइव्हवर फार रेंगाळते, म्हणून संगणकाच्या डिस्कवर उलगडलेली बरी.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टची सुरक्षा दुरुस्ती मिळणे जानेवारी २०२० मध्येच थांबले आणि तिथे चालणारे हे गिटही आता जुने राहणार. तेव्हा त्या यंत्रावरून अनोळखी साठे उतरवू नयेत. तुमच्या स्वतःच्या हिशेबाच्या प्रणालीपुरते ते पुरेसे आहे. जमल्यास वाचनालय समितीला त्या यंत्रावर एखादी हलकी लिनक्स घालण्याचे सुचवा. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स ‘डेबियन’ या लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिच्यात मराठीची सोयही आहे.

पैनगंगाकाठ

कोरडवाहू यांच्याशी सहमत. भर एवढीच की पेन ड्राइव्हवर नेलेली फाइल चालवण्यापूर्वी तिचा शिक्का तपासावा. प्रकाशनाच्या पानावर प्रत्येक फाइलसमोर चौसष्ट अक्षरांची एक लांब खूण दिलेली असते. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, त्यापुढे फाइलचे नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ असे लिहिले की आपल्या फाइलची खूण निघते. दोन्ही जुळल्या तर फाइल अखंड आहे. लाईन गेल्यामुळे अर्धवट उतरलेली फाइल आणि कोणीतरी छेडलेली फाइल, दोन्ही यात पकडल्या जातात. ती खूण वहीत लिहून ठेवावी, म्हणजे तीच फाइल सहा महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर नेताना पुन्हा नेट शोधावे लागत नाही.

धानपट्टा

गोंदियाकडून नमस्कार. उबुंटूचे काम दोन ओळींचे आहे: ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट’. उबुंटू २२.०४ च्या भांडारातून २.३४.१ ही आवृत्ती मिळेल. ती जुनी दिसते म्हणून घाबरू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या उबुंटूचे लोक त्याच आकड्याखाली भरत राहतात. नवीनच हवी असेल तर गिटचा वेगळा पीपीए (उबुंटूबाहेरचे जोड भांडार) आहे, पण हिशेबाच्या प्रणालीला त्याची गरज नाही. फेडोरा ही दुसरी लिनक्स असेल तर ‘ॲप्ट’च्या जागी ‘डीएनएफ’.

नेट नसलेल्या उबुंटूवर बसवायचे असल्यास नेट असलेल्या त्याच आवृत्तीच्या उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली गिट’ करावे. मग ‘व्हार’मधील ‘कॅशे’, त्यातील ‘ॲप्ट’ आणि त्यातील ‘आर्काइव्ह्ज’ या फोल्डरमध्ये डेब फाइली (उबुंटूच्या बसवण्याच्या फाइली) सापडतात. सहसा त्या तीनच असतात: गिट स्वतः, त्याची माहितीपत्रके आणि पर्लचे एक लहान पॅकेज. त्या पेन ड्राइव्हवर नेऊन ‘सुडो डीपीकेजी -आय’ने बसवाव्यात. फक्त ज्या यंत्रावर उतरवता तिथे गिट आधीपासून नसावे, नाहीतर उतरवायला काही उरतच नाही. मी या एका बाबीवर एक पूर्ण संध्याकाळ घालवली आहे.

विदर्भपुत्र_९

मूळ संकेत (सोर्स कोड) आणून स्वतः ‘मेक’ने प्रोग्राम बांधून बसवणे अधिक शुद्ध नाही का?

धानपट्टा

करता येते. त्यासाठी कंपायलर, झेडलिब, कर्ल, ओपनएसएसएल, एक्सपॅट अशी बरीच सामग्री आधी जमवावी लागते, आणि पुढची प्रत्येक सुरक्षा दुरुस्ती स्वतः आठवणीने करावी लागते. शिकण्यासाठी करावे, कापूस खरेदीच्या हंगामात करू नये.

अभ्यासिका_मेहकर

ज्या मुलांकडे संगणकच नाही त्यांच्यासाठी लिहिते. अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ हे कमांड चालवण्याचे ॲप घ्यावे, ते एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या भांडारावरून घेतलेले बरे, आणि त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल गिट’ करावे. आमच्या अभ्यासिकेत चार मुलींनी गिटचे पहिले धडे असेच गिरवले. मॅक कोणाकडे असेल तर टर्मिनलमध्ये नुसते ‘गिट’ लिहिले की तो स्वतःच ॲपलची विकासक साधने बसवू का असे विचारतो.

कास्तकार_दारव्हा

सर्वांचे आभार. काल रात्री फाइल उतरवली, खूण जुळली, आणि माझ्या लॅपटॉपवर ‘गिट --व्हर्जन’ला आकडा मिळाला. वाचनालयात २.४६.२ पोर्टेबलही चालले. भाच्याने पेन ड्राइव्हवर मधला साठा करून दिला आहे; त्यातून मी घ्यायचे, त्यातच परत द्यायचे. मात्र आता दोन अडचणी आल्या आहेत. पेन ड्राइव्हवरील फोल्डर उघडताच ‘डुबियस ओनरशिप’, म्हणजे मालकी संशयास्पद आहे, असे सांगून गिट काम थांबवते. शिवाय भाच्याने फाइलींची नावे मराठीत ठेवली आहेत. ‘कापूस’ नावाची फाइल मला ‘गिट स्टेटस’मध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २२५ अशा आकड्यांची माळ म्हणून दिसते. फाइल खराब झाली काय जी?

पैनगंगाकाठ

फाइल शाबूत आहे. गिट इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची नावे सावधगिरी म्हणून आकड्यांत दाखवते. तुम्ही दिलेले पहिले तीन आकडे म्हणजे ‘क’ हे अक्षर. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ एवढे केले की नावे देवनागरीत दिसतील. काळ्या खिडकीत जोडाक्षरे थोडी विस्कटलेली दिसतात, त्याकडे दुर्लक्ष करावे. नोंदीचा मजकूर आणि स्वतःचे नावही मराठीत लिहिता येते.

कोरडवाहू

मालकीचे कारण असे. एप्रिल २०२२ मध्ये गिटमधील एक सुरक्षादोष दुरुस्त करण्यात आला. सामायिक संगणकावर कोणी वरच्या फोल्डरमध्ये स्वतःचा गिटचा साठा करून ठेवला, तर दुसऱ्याच्या नकळत त्यातील कमांड चालू शकत होत्या. तेव्हापासून फोल्डरचा मालक आणि चालवणारा एकच आहे का, हे गिट तपासते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने मांडलेला असतो आणि त्या पद्धतीत मालकाची नोंदच नसते, म्हणून गिटला संशय येतो. उपाय त्याच संदेशाच्या खाली छापलेला असतो: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल --ॲड सेफ.डिरेक्टरी’ आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता. काही जण पत्त्याच्या जागी तारा (*) टाकून सर्वच फोल्डर सुरक्षित ठरवण्याचा सल्ला देतात. वाचनालयाच्या संगणकावर तसे मुळीच करू नये. आपल्या एकाच फोल्डरचा पत्ता द्यावा. पेन ड्राइव्हचे अक्षर एका यंत्रावर ‘ई’ आणि दुसऱ्यावर ‘एफ’ असू शकते, तेव्हा पत्ता प्रत्येक यंत्रावर पाहून लिहावा.

याच्या उलट, नाव आणि ईमेल वाचनालयात ‘--ग्लोबल’ने घालू नये. तिथे सर्वांचे खाते एकच असते. तुम्ही सर्वांसाठी म्हणून नाव घातले की उद्या दुसऱ्या कोणाच्या नोंदी तुमच्या नावावर लागतील. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभे राहून ‘--ग्लोबल’ न लिहिता ‘गिट कॉन्फिग युजर.नेम’ करावे. ‘सेफ.डिरेक्टरी’ मात्र प्रकल्पापुरती लिहिली तर गिट ती मानत नाही, म्हणून तिथे ‘--ग्लोबल’ ठेवणे भाग आहे.

संत्रापट्टा

आणि पेन ड्राइव्ह काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करा, भाऊ. साठ्यात लहान लहान असंख्य फाइली असतात. मधेच उपटल्यास एखादी रिकामी राहते. शंका आली तर साठा तपासणारी ‘गिट एफएससीके’ ही कमांड चालवून पाहावी. मूळ साठा तिन्ही संगणकांवर आहेच, त्यामुळे पेन ड्राइव्ह गेला तरी इतिहास जात नाही.

जुना_लिपिक

मी सहज म्हणून माझ्या विंडोज ११ वर विनगेटने बसवून पाहिले. चार मिनिटांत झाले. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, त्यामुळे संपादक विमच राहिला आणि मी त्यात अडकलो. आता?

संत्रापट्टा

काका, ‘एस्केप’ दाबा, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, ‘क्यू’ आणि उद्गारचिन्ह टंकून ‘एंटर’. बाहेर याल. नंतर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर नोटपॅड’ करा.

कास्तकार_दारव्हा

दोन्ही उपाय लागू पडले. नावे मराठीत दिसतात आणि पेन ड्राइव्हही ओळखला जातो. भाचा दिवाळीला आला होता. तिन्ही संगणकांवर पडलेल्या जुन्या प्रती त्याने तारखेच्या क्रमाने एकेक करून साठ्यात नोंदवल्या आणि वजावटीची ओळ कुठे मागे फिरली हे ‘गिट डिफ’ने (दोन आवृत्त्यांतील फरक दाखवणाऱ्या कमांडने) काढले. मी इतके दिवस वाचनालयाच्या मुलांना दोष देत होतो. जुनी फाइल माझ्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरून गेली होती. ते फोल्डर आता पुसले आहे आणि पोरांना चहा पाजून आलो आहे.